जिलबीतला शिंगांचा रंग

पाचोडच्या बाजारातली ती जिलबी आठवली की आजही माझ्या तोंडाची चव जाते. तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा प्रमुख होतो. बाजाराच्या दिवशी पाकीटमारी आणि दारूची भांडणं ठरलेली. त्या दुपारी मात्र एक बाई मुलाला कडेवर घेऊन आली. जिलबी खाल्ल्यापासून पोराला उलट्या होत होत्या.

"साहेब, ह्याची जीभ बघा. लई घासली, पिवळा रंग जाईना."

मुलाला दवाखान्यात धाडलं आणि अन्न निरीक्षकांना घेऊन हलवायाचं दुकान गाठलं. पंचनामा झाला, नमुने सील झाले. पिठाच्या पातेल्याशेजारी रंगाची पुडी सापडली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला विकतात, ती.

हलवाई साठीचा. ठाण्यात बसवून मी आवाज चढवला.

"हा रंग का टाकला?"

"खायच्या रंगानं जिलबी फिकी दिसती, साहेब. फिकी दिसली की लोक म्हणतेत शिळी हाय. चव कोन बघतंय?"

चोर तो चोर, वर शिरजोर, असं वाटून मला संताप आला. "विष आहे हे माहीत नव्हतं?"

"इख?" तो खुर्चीवरून उठलाच. "बाजाराच्या दिवशी पहिला घाणा नातीला देतो, मंग गिऱ्हाइकाला. आमची रीतच हाय. इख असतं तर मी तिला..."

तो पुन्हा खुर्चीत बसला. म्हणाला, "ती शहरात दवाखान्यात हाय. किडनी खराब झाली म्हणतेत."

तो जाणूनबुजून विष चारत नव्हता, हे मला तिथंच कळलं. प्रयोगशाळेनंही रंग खाण्याचा नसल्याचं कळवलं. मी शहरात जाऊन नातीच्या डॉक्टरांना भेटलो. "असे रंग वरचेवर पोटात गेले तर किडनीला इजा होऊ शकते," ते म्हणाले, "पण हिचं दुखणं त्यानंच झालं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही."

नोकरीत मी बेरकी माणसं ओळखायला शिकलो होतो. नेकीनं वागणाऱ्यामुळंही लेकरांच्या जिवावर बेतू शकतं, हे या प्रकरणानं शिकवलं. गुन्हा दाखल केला, पण या कामाचं समाधान मला कधीच वाटलं नाही.

कोर्टात नेताना त्यानं विचारलं, "साहेब, माझ्यामुळंच झालं का हो?"

डॉक्टर म्हणाले तेच मी सांगितलं.

"मंग नातीला काई सांगू नका," तो म्हणाला. "बरी झाल्यावर माझ्याच हातची जिलबी खायची म्हणती."