समाजमंदिराबाहेरच्या चपला

दारू पकडायचं, फुंकायचं मशीन वाजलं आणि प्रल्हाद मान खाली घालून उभा राहिला. सकाळचे आठ, मागे अख्खी शिफ्ट रांगेत. तिसऱ्यांदा सापडला होता लेकाचा.

मी आर्णीजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत मॅनेजर. जिनमध्ये कापसातली सरकी वेगळी काढतात, उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. प्रेसचा दट्ट्या खाली येताना कुणाचा हात आत राहिला तर हात गेलाच. म्हणजे हेल्परचा हात ऑपरेटरच्या शुद्धीवर अवलंबून. आणि प्रल्हाद आमचा सगळ्यात चांगला ऑपरेटर. म्हणूनच राग जास्त.

"काढून टाका," शेठ म्हणाले.

"शेठ, सीझन चालू आहे. असा हात बसलेला माणूस कुठून आणू?"

"मग एकच चान्स. इलाज करू द्या. पण प्रूफ पाहिजे, नुसत्या बाता नको."

मी प्रल्हादला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषधं दिली. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "औषधासोबत माणसं पण लागतात. दारू सोडलेल्यांचा एक गट आहे आर्णीतच, दर गुरुवारी सात वाजता बसतात." हातात एक चिठ्ठी दिली, त्यावर फोन नंबर. बोर्ड नाही, पावतीपुस्तक नाही, फी नाही. फी नाही म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकट काय मिळतं हो या जगात? एक तर कुण्या बाबाचं दुकान असणार, नाहीतर इलेक्शनची तयारी.

फोन लावला. पलीकडे गटातलेच एक टेलर निघाले.

"पिनारं कोन हाय? तुमी का?"

"मी नाही हो! आमचा ऑपरेटर."

"सारे असंच म्हनते. बरं, पाठवा त्याले."

"हजेरीचा दाखला द्याल?"

"नाई भाऊ. आमी कोनाचं नाव लिहत नाई अन् बाहेर सांगतबी नाई. म्हनून तं लोक येते."

प्रल्हादला पाठवलं. पण दुधानं तोंड पोळलेला मी, ताक फुंकायला दुसऱ्या गुरुवारी स्वतःच गेलो. बैठक समाजमंदिरात होती. दार लोटलेलं, बाहेर चपला. मोजल्या. नऊ जोड. प्रल्हादच्या चपलेला निळ्या दोऱ्याचा टाका होता, तीही दिसली. मग वाटलं, चपला पुढे ठेवून हा मागच्या दारानं सटकला तर? मागे जाऊन बघितलं. मागे दारच नव्हतं.

तरी समाधान होईना. पुढच्या गुरुवारी समोरच्या पानटपरीवर ठाण मांडलं. डायरीत लिहिलं, 'प्र. हजर, सात वाजून पाच.' शेठला प्रूफ पाहिजे होतं ना?

एक गोष्ट मात्र विसरलो. तालुक्यातला निम्मा कापूस आमच्या काट्यावर येतो. मला न ओळखणारा माणूस आर्णीत शोधावा लागेल.

चौथ्या गुरुवारी चपला पाच जोड. पाचव्या गुरुवारी दोन. सहाव्या गुरुवारी दाराला कुलूप. बघा, निघाला ना फुसका बार! मी डायरीत 'गट बंद' लिहिलं. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. माझा अंदाज बरोबर ठरला होता.

त्याच आठवड्यात जेवायला वाढता वाढता बायको म्हणाली, "काहो, तुमी कवापासून पिऊन राह्यले?"

"काय?"

"शेजारीण सांगत होती, साहेब दर गुरुवारी दारू सोडाच्या मिटिंगले जाते म्हने."

मी पोट धरून हसलो. ती हसली नाही.

सातव्या गुरुवारीही कुलूपच होतं. शुक्रवारी सकाळी प्रल्हाद रांगेत न लागता सरळ माझ्या केबिनमध्ये आला.

"साहेब, आज मले प्रेसवर उभं करू नका. काल पेलो मी."

"काहून रे? दीड महिना तर चांगला होतास."

"गट नाई ना आता. काल त्या कुलपासमोर उभा राह्यलो, अन् तिथूनच गेलो दुकानात."

"अरे, फालतू गट होता तो. माणसंच टिकली नाहीत."

त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुमी समोर डायरी घेऊन बसले, कशे टिकतीन? गटातले गुरुजी म्हने, शाळेत समजलं तं? दूधवाला म्हने, माह्यं दूध कोन घेईन? मी काय बोलू? नोकरी तुमच्या हातात."

नऊ माणसं हिंमत करून त्या दारापर्यंत आली होती आणि मी त्यांना हाकलून दिलं होतं. ज्याच्यावर पहारा ठेवला, तो मात्र स्वतःच्या पायानं खरं सांगायला आला. फार लाज वाटली.

शेठकडे गेलो. "प्रल्हाद प्यायला. पण चूक माझी आहे," म्हणून सगळं सांगितलं.

"मी प्रूफ मागितलं, तुम्ही तर पोलीसच झाले," शेठ म्हणाले. "महिनाभर लोडिंगवर लावा त्याला. मग बघू."

टेलरकडेही गेलो. त्यांनी शिलाई थांबवली नाही.

"माफी कायले मांगता? जागा बदलून राह्यलो आमी. आता कुठी ते इचारू नका."

विचारलं नाही. प्रल्हाद पुढच्या महिन्यात प्रेसवर परत आला, अजून आहे. गट कुठं बसतो ते मला आजही ठाऊक नाही. शिफ्ट रात्री आठला सुटते, पण गुरुवारी मी साडेसहालाच त्याच्या जागी दुसरा ऑपरेटर उभा करतो, गाठ अर्धी असली तरी. दारू सोडणाऱ्या माणसाला पहारा लागत नाही, वेळेवर सुट्टी लागते.