जाते म्हणू नये

आमच्या घरातून बाहेर पडताना कुणी 'जाते' म्हटलेलं मला खपत नाही. कचरा टाकायला खाली उतरलं तरी 'येते' म्हणायचं. माझी मुलगी इथे म्युनिकमध्येच वाढली. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. पण हा एक शब्द मी तिच्या जिभेवर दामटून बसवला होता, आणि त्याच शब्दाने पुढे घोळ घातला.

आम्ही नगरचे ख्रिस्ती. नवरा इथे गाड्यांच्या कंपनीत, मी गार्चिंगला सॉफ्टवेअरमध्ये, आणि रविवारी घराजवळच्या जर्मन चर्चला. गेल्या उन्हाळ्यात त्या चर्चच्या तरुण संघाची सहल, चुकले, मिशन, कॅरिबियनमधल्या एका बेटावर गेली. तिथल्या मुलांना गाणी शिकवायची, बायबलच्या गोष्टी सांगायच्या, त्यांच्याबरोबर खेळायचं आणि त्यांच्या मैदानाची भिंत रंगवून द्यायची. माझी सोळा वर्षांची पोर गेली. मला अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू.

तिथे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी हिला जी चिकटली ती चिकटलीच. हिच्या केसांच्या तिने बारीक बारीक वेण्या घातल्या. दोघींनी मिळून भिंतीवर मासे रंगवले. रस्त्याकडची बाजू पुरी झाली, तिच्यापुढे सगळ्यांचे फोटो झाले आणि निघायचा दिवस आला. आतली, मुलं खेळतात ती बाजू तशीच कोरडी राहिली. बस सुटताना त्या पोरीने हिचा हात घट्ट धरला, तेव्हा आमच्या बाईसाहेब सवयीने काय बोलल्या? "ओके, आय विल कम." घरातलं 'येते' हिने जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. पोरीने ते खरं मानलं. का नाही मानणार?

मग तिथल्या चर्चमधल्या, त्या मुलांचं वर्षभर बघणाऱ्या बाईंचे निरोप हिच्या फोनवर यायला लागले. ती मुलगी भिंतीच्या आतल्या बाजूला कुणाला हात लावू देत नाही. तुझा ब्रश धुऊन जपून ठेवलाय. बाकीची मुलं तिला चिडवतात, कसली येतेय ती, आणि ती पोर त्यांच्याशी कचाकचा भांडते. शेवटी बाईंनी सरळच विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात येताय ना? म्हणजे तिला तसं सांगते.

"जायचंच," मी म्हटलं.

"क्लार, मामा," मुलगी म्हणाली. म्हणजे अर्थातच, आई.

फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली. तरुण संघाचा प्रमुख, उत्साही माणूस, पडद्यावर फोटो दाखवत होता. पहिला फोटो आमच्या माशांचा. सगळे खूश. पुढच्या फोटोत भलताच देश, भलताच खंड. यंदा म्हणे तिकडे.

मी उभी राहिले. "आणि बेट? तिथे पोरं वाट बघतायत."

"आल्झो, हे बघा," तो हसून म्हणाला, "आपली कल्पना अशी आहे की दरवर्षी नवी जागा. तरुणांना नवा अनुभव मिळायला हवा."

"तुमच्या पोरांना अनुभव. आणि त्या पोरांना काय, अर्धी भिंत?"

राग आला की माझ्या जर्मनचा पार बोजवारा उडतो, पण हे वाक्य नीट आलं. तो मान डोलवत म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, फार महत्त्वाचा प्रश्न. हा आपण सोबत नेऊ." इथे एखाद्या गोष्टीचं काही करायचं नसलं की असं म्हणतात. "कुठे नेतोस रे मेल्या? पिशवीत घालून?" हे मी मराठीत म्हटलं. ते फक्त माझ्या मुलीला कळलं आणि तिने मान खाली घातली.

मग तीच हळूच म्हणाली, "पण त्या मुलीला कोण सांगणार?"

"तिथले लोक सांगतील की," तो म्हणाला. "त्यांना सवय आहे."

सवय आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नगरला आमच्या देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, लहानपणी असेच परदेशी पाहुणे यायचे. हातवारे करून एक गाणं शिकवायचे, आम्हाला मांडीवर घेऊन फोटो काढायचे, पुन्हा येऊ म्हणायचे. पुढच्या वर्षी दुसरेच कुणीतरी तेच गाणं शिकवायला हजर. आणि आम्ही शहाणी पोरं, पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून, ते पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवायचो. हो, होती आम्हाला सवय. त्या सवयीवर ह्याने आपला कार्यक्रम बसवावा? हॉलमध्ये सगळ्यांनी बोटांनी टेबलं वाजवली, ही इथली टाळी, आणि कॉफी आली. मी कॉफीला हात लावला नाही.

परतताना ऊ-बानमध्ये, इथल्या भुयारी रेल्वेत, मी मुलीवरच घसरले. "तू येते म्हणाली होतीस तिला!"

"तूच शिकवलंस!" ती ओरडली, चक्क मराठीत. समोरची म्हातारी दचकली. "तुम्ही सगळे खोटं बोलता. जाता आणि येते म्हणता!"

"खोटं नसतं गं ते. येते म्हटलं की यायचं असतं."

"मग चल ना!"

कशी जाणार? उन्हाळ्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आमची सगळी सुट्टी तिकडे बांधलेली. संघ नेत नाही, आणि एवढ्या लांब तिला एकटीला मी पाठवणार नाही. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात झाला होता, आणि वाढपी आम्हीच.

"मीच सांगते तिला," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी तिने त्या बाईंच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. मी बाजूला बसले. पडद्यावर ती पोर आली, नवी रिबन लावून, हातात ब्रश. माझ्या मुलीने एका दमात सांगितलं, आम्ही येत नाही, यंदा नाही, कधी ते माहीत नाही, सॉरी.

पोर रडली नाही. ब्रशच्या केसांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तर त्या दिवशीच जाते म्हणायचं ना. मी तेव्हाच रडून घेतलं असतं."

सोमवारी सकाळी शाळेची बॅग पाठीला लावून मुलगी दारात उभी राहिली. बुटांच्या नाड्या बांधल्या, माझ्याकडे बघितलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, जाते."

"येते म्हण गं!" मी जिन्यात धावले.

खालचं दार लागल्याचा आवाज आला.