पायाखालचं पत्रक

वाचनालयाच्या दारात मी पत्रकं वाटत होतो. ‘परदेशी पाद्र्याचा रामकथेचा वर्ग बंद करा!’ मजकूर माझाच. तेवढ्यात हिंदीच्या अभ्यासात हयात घालवलेले ते म्हातारे फादर वर्ग घ्यायला आले. पडलेल्या पत्रकाला त्यांचा पाय लागला. चटकन वाकून त्यांनी ते उचललं आणि कपाळाला लावलं, अगदी माझ्या आईसारखं.

“वाचा तरी! तुमच्याविरुद्धच आहे,” मी खेकसलो.

“वाचलं सकाळीच. पण अक्षर आहे बाळा, पायदळी कसं तुडवायचं?”

ते आत गेले. मी खाली पाहिलं, तर माझ्याच बुटाखाली पत्रकं. संस्कृती वाचवायला निघालेले आम्ही, उभे कशावर असतो? वाकून ती उचलली. कपाळापर्यंत मात्र हात जाईना. त्यांवर काय लिहिलंय, ते मला पाठ होतं.