अंगठ्याला बांधलेली दोरी

डोळा लागतोय न लागतोय अशी वेळ. जेवणाची भांडी मोरीत तशीच पडली आहेत, पडद्याला दुपारचं ऊन अडकलंय, आणि वृषाली गादीवर आडवी होऊन डाव्या पायाचा अंगठा हलवते आहे. अंगठ्याला सुती दोरी बांधलेली आहे, दोरीचं दुसरं टोक पाळण्याच्या वरच्या कडीला, आणि पाळण्यात सहा महिन्यांची रेवा. अंगठा हलला की पाळणा हलतो, पाळणा हलला की कुरकुरतो, आणि ती कुरकुर कानावर आली की जिवात जीव येतो. बाळाच्या नव्हे, वृषालीच्याच. झोपायचं नाही, असं ती स्वतःला बजावते. पापण्या काही ऐकत नाहीत.

सोमवारी तिची रजा संपते. गडहिंग्लजच्या बाजारपेठेतल्या लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करते, आणि तिथल्या सरांनी आणखी रजा मिळणार नाही हे गोड शब्दांत दोन वेळा सांगून झालंय. मागे राहणार सासूबाई. त्यांची माया उदंड, पण उजवा खांदा आखडलेला. हात कानाच्या वर जात नाही. पोरीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालणं किंवा तासभर झोके देत बसणं त्यांच्याच्याने व्हायचं नाही. म्हणजे सोमवारपासून रेवाला दुपारी आपलं आपण झोपता आलं पाहिजे. नाही आलं तर नोकरी सोडायची, हे घरात कुणी उघड बोललेलं नाही. नवरा संग्राम फक्त 'बघू' म्हणाला, आणि संग्रामचं बघू म्हणजे काय ते तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय.

पोर रडलं की सल्ले द्यायला सगळी गल्ली मोकळी असते. एकीने जायफळ उगाळून चाटवायला सांगितलं, दुसरीने मीठमोहऱ्या ओवाळायला. मोबाइलवरची एक बाई म्हणाली, बाळ पेंगुळलं की जागं असतानाच खाली ठेवा, त्याचं ते झोपायला शिकेल. त्यातल्या त्यात हीच शहाणी वाटली, म्हणून वृषाली आठवडाभर तिचं ऐकते आहे. म्हणजे अर्धंच ऐकते आहे. रेवाला खाली ठेवते. रेवा थोडा वेळ टुकुटुकु बघते, कुरकुरते, मूठ कानाशी नेऊन कान चोळायला लागते, की हिने उचललीच. कान दुखत असेल पोरीचा. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, कान ठणठणीत आहेत म्हणाले, तरी उचललीच.

आणि कधी चुकूनमाकून रेवा झोपलीच, निपचित झाली, तर हिचा अंगठा आपोआप ओढ घेतो. पाळणा हिसकतो, पोर दचकते, दोन्ही हात हवेत उडवते आणि टाहो फोडते. रडली म्हणजे आहे. वृषाली तिला छातीशी धरते, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"निजलेल्या पोराला कशाला चाळवतीस?" असं सासूबाईंनी परवा विचारलं. वृषालीने पाळण्याचं कापड नीट केल्यासारखं केलं. उत्तर तिच्याकडे होतं, पण ते सासूबाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

उत्तर आप्पांचं होतं. तिचे वडील आप्पा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आज दिवसपाळी, उद्या रातपाळी, त्यामुळे मिळेल तेव्हा आणि मिळेल तिथे झोपायचं. पण झोपेशी त्यांचं जन्माचं सख्य. डोक्यावर भोंगा वाजू दे, शेजारी पोरं भांडू देत, आप्पा कुशीवर वळले, कानाची पाळी दोन बोटांत धरली, की घोरायला लागलेच. त्यांची दुसरी खोड गुंडाळ्यांची. वायर असो, सुतळी असो, परकराची नाडी असो, अंगठा आणि करंगळीवर आठाच्या आकड्यासारखी गुंडाळायची आणि शेपूट मधून ओवून घ्यायचं. क्वार्टरमधल्या खिळ्याखिळ्याला अशा गुंडाळ्या टांगलेल्या असायच्या. आई वैतागायची.

रेवा पोटात असताना वृषाली डोहाळजेवणाला माहेरी गेली होती. दुपारचा भोंगा झाला, तशी ती चहा घेऊन आप्पांच्या खोलीत गेली. आप्पा कुशीवर, हात कानाशी. झोपू दे बिचाऱ्यांना, म्हणून तिने कपावर बशी झाकली आणि दार ओढून घेतलं. तो चहा निवला. दुसरा करून नेला तेव्हा तिने त्यांच्या पावलाला हात लावला, आणि पाऊल गार लागलं. पहिल्या चहाच्या आधीच गेले होते, कुणाच्या हातात काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते तिला पटलंही. पण तेव्हापासून निपचित झोपलेलं माणूस तिला बघवत नाही. रात्री ती संग्रामला कोपराने ढोसते. त्याला बिचाऱ्याला वाटतं आपण फार घोरतो. आणि पाळण्याकडे तर ती पाठसुद्धा करत नाही.

अंगठा हलतो. कुरकुर. अंगठा हलतो. कुरकुर.

मग भोंगा होतो.

गडहिंग्लजच्या या घरात भोंगा ऐकू यायचं कारण नाही. वृषालीला हे माहीत आहे, तरी ती उठून बसते. हातात भरलेला कप आहे, वर बशी झाकलेली. समोर भिंत होती तिथे आता दार आहे. दोरी अंगठ्यालाच आहे, पण ती पाळण्यापाशी संपत नाही, उंबऱ्यावरून बाहेर गेली आहे. पाळणा कुठे दिसत नाही. कुरकुर मात्र येते आहे, लांबून, आणि मधे मधे थांबते आहे. थांबली की वृषालीचे पाय पळायला बघतात, आणि कप डुचमळतो.

ती दोरी धरून निघते. बाहेर लॅब आहे. टेबलावर रक्ताच्या नळ्या उभ्या आहेत आणि प्रत्येक चिठ्ठीवर रेवाचं नाव आहे. इतकं रक्त एवढ्याशा जिवाचं कुणी काढलं, असं तिला विचारायचं आहे. सर मान वर न करता सोमवारी या म्हणतात. ती टेबलाला वळसा घालते, तर पायाखाली उसाचं पाचट वाजतं. कारखान्याच्या आवारात बैलगाड्या ओळीने उभ्या आहेत. गाडीवान गाडीखाली झोपलेत, बैल उभ्या उभ्या डोळे मिटून आहेत, आणि एवढ्या मोठ्या आवारात कुणाचाही श्वास ऐकू येत नाही. झोपलेत का? एकेकाला हलवून बघावं असं तिला वाटतं. ती खाली वाकते, तोच दोरीला हिसका बसतो. पलीकडून कुणीतरी ओढलंय.

ती पळत सुटते. बॉयलरचं लोखंडी दार येतं, त्याची धग तोंडावर येते, ती दार लोटते. आत बॉयलर नाही. आत ती खोली आहे.

तोच पलंग, खिळ्यांना टांगलेल्या त्याच गुंडाळ्या. आप्पा बनियनवर, कुशीवर, कानाची पाळी बोटांत. पलंगाच्या पायथ्याशी पाळणा आहे. तो हलत नाही. दोरी आप्पांच्या दुसऱ्या मुठीत आहे.

वृषाली दारातच थांबते. इथून पुढे काय होतं ते तिला माहीत आहे. पुढे जाऊन पावलाला हात लावायचा असतो. तिचा हात पुढे होत नाही.

"चहा ठेव की खाली," आप्पा डोळे न उघडताच म्हणतात. "सांडंल."

तिला रडू येतं आणि रागही येतो. इतक्या दिवसांनी भेटले आणि बोलले काय, तर चहाचं. ती कप ठेवत नाही. पाळणा का थांबलाय, एवढंच विचारते.

"मी धरलीया दोरी."

"मग हलवा ना."

"न्हाई हलवत."

ती पाय मागे घेते, आप्पा मूठ सोडत नाहीत. ती जोर लावते. दोरी ताठ होते, अंगठ्यात रुतते, आणि बाप-लेक त्या दोरीवर रस्सीखेच खेळल्यासारखे अडून बसतात. पाळण्यात काही हालचाल नाही. तिला पाळण्याचं कापड दिसतं, आतलं काही दिसत नाही. अंगठा कळ देतो आहे.

"झोपलीया ती," आप्पा म्हणतात. "तू वढलीस की उठंल. तिला झोप येती. तूच उठिवतीस."

"झोपलीय कशावरून?" वृषालीचा आवाज चिरकतो. "तुम्ही पण झोपलेलेच होता."

आप्पा डोळे उघडतात. सावकाश उठून बसतात, पाय खाली सोडतात, आणि पाळीवरून घरी आल्यावर टेकायचे तसे दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतात. ते रागावलेले नाहीत. त्यांना वाईट वाटलंय, आणि ते तिच्या जिवाला जास्त लागतं.

"माझी पाळी भरली हुती, पोरी," ते म्हणतात. "हिची आत्ता कुठं लागलीया. दोन्ही झोपा एकच व्हय?"

वृषालीला यावर पुष्कळ बोलायचं आहे. मी आधी आले असते तर, हात लावला असता तर, असं सगळं जिभेवर येतं. तेवढ्यात पाळण्यात चुळबुळ होते. कापडाला आतून पाय लागतो. एक बारीक हुंकार येतो, मग कुरकुर, मग तो रडण्याच्या आधीचा आवाज. तिचा पाय सवयीने ताणला जातो.

"बघ," आप्पा म्हणतात. "नुस्तं बघ."

ते पलंगावरून उतरून तिच्या पायाशी उकिडवे बसतात. सोडू नका, असं ती म्हणते, की तिला म्हणायचं असतं. त्यांची बोटं तिच्या अंगठ्याला लागतात, आणि ती बोटं गरम आहेत. बॉयलरवरून आल्यावर असायची तशी, चटका बसावा इतकी गरम. त्या दिवसापासून हाताला लागलेला गारवा तिथल्या तिथे उतरतो. वृषाली उभ्या उभ्या रडायला लागते. आप्पा गाठ सोडतात. दोरी अंगठा आणि करंगळीवर घेतात, असं नि तसं, असं नि तसं.

"आप्पा, चहा निवतोय तुमचा."

"तूच घे," ते शेपूट मधून ओवत म्हणतात. "गरम हाय तवर."

भोंगा नाही. कुरकुर नाही. पडद्यावरचं ऊन खाली सरकलंय, आणि पाळणा स्थिर आहे.

वृषालीचे डोळे उघडतात त्याच्या आधी तिचा अंगठा ओढ घेतो. ओढीला काहीच लागत नाही. पाय हलका येतो. ती ताडकन उठून बसते. अंगठ्याभोवती लाल वळ आहे, दोरी नाही. पाळण्याच्या कडीलाही नाही. किती वेळ झोपले मी? ती गुडघ्यांवर सरकत पाळण्यापाशी जाते आणि एक बोट रेवाच्या नाकाशी धरायला पुढे करते.

रेवा निपचित आहे. तोंड पलीकडे वळलेलं, एक हात बाहेर.

बोट नाकापर्यंत पोचत नाही. रेवाच्या कपाळाला आठी पडते. ओठ वाकडे होतात, पाय कापडाला लाथ देतो, आणि तो आवाज येतो, रडण्याच्या आधीचा. उचल, असं वृषालीचं सगळं अंग ओरडतं. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरते. रेवा डोळे न उघडता मान इकडून तिकडे करते. मग मूठ गालावरून वर जाते, चाचपडत कानापाशी पोचते, दोन वेळा चोळते, आणि कानाची पाळी मुठीत धरते.

कान कधी दुखतच नव्हता.

आठी मिटते. ओठ सरळ होतात. पोट वर येतं, खाली जातं, वर येतं. वृषाली बघत राहते. तिच्या डोळ्यांतून पाणी गळून पाळण्याच्या दांडीवर पडतं, आणि तेही ती पुसायला जात नाही, उगाच धक्का लागायचा.

दारात बांगड्या वाजतात. सासूबाई डाव्या हातात कपबशी घेऊन उभ्या आहेत. हळू आवाजात सांगतात, मघाशी मी येऊन गेले, पण मायलेकी दोघीही गाढ निजलेल्या दिसल्या, म्हणून उंबऱ्यातनंच मागं फिरले. चहा पुन्हा केला.

"दोरी तुम्ही सोडलीत?" वृषाली विचारते.

"मी आत पाऊल न्हाई टाकलं," सासूबाई म्हणतात. "आन् माझा हात पोचतोय व्हय त्या कडीपर्यंत?"

त्या कपबशी तिच्या हातात देतात, पाळण्यात डोकावतात, आणि नवल वाटल्यासारखं करून निघून जातात. वृषाली गादीवर टेकते. उशीशेजारी दोरी आहे. आठाच्या आकड्यासारखी गुंडाळलेली, शेपूट मधून ओवून घट्ट केलेलं.

ती गुंडाळी सोडत नाही. जराशी सरकते, खिडकीकडे तोंड करते, चहा बशीत ओतते. मागे पाळण्यात रेवा झोपली आहे. वृषाली पाळण्याकडे पाठ करून बसते आणि चहा गरम आहे तोवर पिते.