कार्ड पाहून छाटलेल्या विड्या

चळवळ पगारावर शिकवता येते, यावर माझा विश्वास नव्हता. एका संस्थेने उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयीन मुलांना मानधन देऊन कामगार संघटनेचे काम शिकवण्याची योजना काढली आणि आमच्या विडी कामगार संघटनेकडे एक मुलगी पाठवली, तेव्हा हे मत मी तिच्यासमोरच बोलून दाखवले. ती वैरागजवळच्या एका खेड्यातली, शिकायला बार्शीला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "आजोबा, सुट्टीत मी रोजानं कांदा काढायला जाती. मानधन नसतं तर यंदाबी तितंच गेली असती. मग तुमाला कोण भेटलं असतं?"

मी तिच्या हाती विडी कामगारांच्या कायद्याची पुस्तिका दिली आणि सकाळी लवकर येण्यास सांगितले.

प्रशिक्षणात या मुलांना एक नियम शिकवला होता. घरभेटीत आपण थोडे बोलायचे, समोरच्याला अधिक बोलू द्यायचे आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबायचे. मला तो नियम बालिश वाटला. गिरण्या चालू होत्या त्या काळात आम्ही फाटकावर उभे राहून बोलत असू. ज्यांना पटे ते येत, ज्यांना पटत नसे त्यांना पुन्हा बोलून पटवत असू. थांबणे हे काम असू शकते, ही कल्पनाच आम्हाला नव्हती.

शहराच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत मी तिला घेऊन गेलो. घरोघरी तेलुगू बोलणाऱ्या बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. पान आणि तंबाखू कारखान्यातून आणायचे, दिवसभर घरी वळायचे आणि दुसऱ्या सकाळी विड्या कारखान्यात आपापल्या कामगार-कार्डावर भरायच्या, असा हा धंदा. तिथे चेकर प्रत्येकीचा माल तपासतो आणि खराब विड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीला मजुरी नाही.

त्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, दोन मुलींची आई असलेल्या एका बाईने होळीच्या सुमारास चेकरला सर्वांदेखत विचारले होते, "पान फाटकं देता, मग विडी पूर्ण कशी मागता?" त्या दिवसापासून तिची छाट वाढत गेली. पुढे चेकरने सांगितले की असेच चालले तर तिचे कार्ड बंद करावे लागेल. कार्ड गेले की काम जाते, भविष्यनिर्वाह निधी अडकतो आणि मुलींची शिष्यवृत्तीही थांबते. हे सर्व तिने माझ्याबरोबर आलेल्या मुलीला सांगितले. मला सांगितले नव्हते. मी त्या गल्लीत कित्येक वर्षे जात होतो.

मी तक्रार अर्ज करू म्हणालो. छाटीला कायद्याने मर्यादा आहे. बाईने मान हलवली. "अर्जावर माझं नाव आलं की मामा, तुमचा अर्ज ऑफिसात आणि मी घरात रिकामी." मी तिला कायदा पुन्हा समजावून सांगू लागलो. मुलगी दुसऱ्या दिवशी एकटीच गेली, तिसऱ्या दिवशीही गेली.

तिची पद्धत अशी की ती वळायला बसे. बाया तिला पापा म्हणू लागल्या. तेलुगूत लहान मुलीला तसे म्हणतात. तिच्या हातात एक सूप आले, पण विडी काही जमेना.

"पापा, ही विडी आहे का भजं?" एकीने विचारले.

"भजं असतं तर तुमी खाल्लं असतं की."

"तंबाखूचं भजं तुझ्या नवऱ्याला ठेव."

या हसण्यातून गल्लीतल्या बाया एकाच ओसरीवर येऊन वळू लागल्या. आधी प्रत्येकीचे दार निराळे होते. त्यांत एक वयस्क अक्का होती. तिचा हात असा की चेकर नव्या पोरींना तिची विडी दाखवून म्हणे, अशी वळायला शिका. प्रत्येकीची विडी थोडी वेगळी असते. तोंड मुडपण्याची आणि दोरा फिरवण्याची जिची तिची रीत असते आणि बायांना एकमेकींचा हात ओळखू येतो.

एके दुपारी मी ओसरीवर होतो. कौले तापली होती, कोणी फारसे बोलत नव्हते. मुलीने सूप खाली ठेवून विचारले, "चेकर छाटतो ते काय बघून? विडी बघून का कार्ड बघून?"

उत्तर मला ठाऊक होते. मी तोंड उघडणार तोच तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी थांबलो. पान कापणाऱ्या कात्र्या तेवढ्या वाजत राहिल्या. ती शांतता मला सहन होईना. मुलगी मात्र तिच्यात सावलीत बसावे तशी बसली होती.

अखेर अक्का गल्लीच्या टोकाच्या बाईकडे बोट करून म्हणाली, "बघू की. उद्या माझ्या विड्या हिच्या कार्डावर भरू. हिच्या माझ्या कार्डावर."

"आणि तुझ्या छाटल्या तर, अक्का?" एकीने विचारले.

"छाटू दे. मला काय त्याच्याशी सोयरीक जमवायची आहे?"

बाया हसल्या. गल्लीच्या टोकाची बाई हसली नाही. आपल्या नावावर अक्काचा दिवस बुडणार, याचेच तिला भय होते. अक्काने तिच्या सुपातल्या विड्यांच्या जुड्या उचलल्या आणि स्वतःच्या फडक्यात बांधल्या. विषय संपला.

सकाळी कारखान्याच्या फाटकाशी मी आत जायला निघालो. मुलीने हाताने अडवले. "तुमी हितंच थांबा, आजोबा. आपण आत गेलो की ते आपलं भांडण हुतंय." मला असे अडवणारे माणूस बऱ्याच वर्षांत भेटले नव्हते. मी थांबलो.

फाटकातून चेकरचे टेबल दिसत होते. त्या बाईची पाळी आली. त्याने कार्ड पाहिले, तिचे तोंड पाहिले आणि जुड्या सोडून मूठ मूठ विड्या छाटीच्या टोपलीत टाकू लागला. "गवत वळून आणता काय?" नंतर अक्का पुढे झाली. तिच्या जुड्या त्याने सोडल्यादेखील नाहीत. एक उचलून मागच्या रांगेला दाखवली. "याला विडी म्हणतात."

"ती हिची आहे, साहेब," अक्का म्हणाली. "टोपलीतल्या माझ्या."

चेकर हसला. "सकाळी सकाळी चेष्टा नको, अक्का."

अक्काने टोपलीतली एक विडी घेतली, आपल्या कार्डावर भरलेली एक घेतली आणि दोन्ही तळहातावर ठेवून हात त्याच्यापुढे धरला. "हात ओळखा की. इतकी वर्षं माझा नमुना दाखवता."

तो पाहत राहिला. त्याचे हसू कधी गेले ते मला सांगता येणार नाही.

पुढे जे झाले ते ओसरीवर ठरले नव्हते. रांगेतली पुढची बाई मागे सरली आणि आपले फडके खाली ठेवून भिंतीशी जाऊन बसली. मग तिच्या मागची. मग दुसऱ्या गल्ल्यांच्या बाया, ज्यांना या बेताची वार्ताही नव्हती. कोणी घोषणा दिली नाही, कोणी कोणाला खुणावले नाही. एकेक फडके जमिनीवर टेकत गेले आणि टेबलापुढची रांग नाहीशी झाली. मी मोठे मोर्चे पाहिले आहेत, काही काढलेही आहेत. माणसे अशी आपणहून एका जागी आलेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. एवढेच लिहितो.

मॅनेजर बाहेर आला. त्याने दोन्ही विड्या पाहिल्या, चेकरकडे पाहिले आणि टोपलीतला माल चांगला म्हणून मोजून घ्यायला सांगितला. "झाले ना? चला, पान-तंबाखू घ्या."

कोणी उठले नाही.

तेव्हा गल्लीच्या टोकाची बाई टेबलाशी गेली. तिचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला. "माझं कार्ड बंद करणार होते, साहेब."

"नाही करणार. मी सांगतो ना."

"तसं लिहा की. हितं, कार्डावर. सगळ्यांसमोर."

भिंतीशी बसलेल्या बायांवरून मॅनेजरने एकदा नजर फिरवली, मग खिशातले पेन काढले. लिहून झाल्यावर बाईने कार्ड हाती घेतले आणि एकेक शब्दावर बोट ठेवत, मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे वाचले. भिंतीशी बसलेल्या बाया ऐकत होत्या. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी रडत असावी. मी तिकडे पाहिले नाही. त्या वेळी मलाही समोरच पाहत राहणे बरे वाटले.