एकोणिसावा प्रश्न

आमच्या मंडळीत तेव्हा बाप्तिस्मा घ्यायचा तर एकतीस प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असावी लागत. त्यासाठी एक पातळ पुस्तिका होती, कसरीनं कडा खाल्लेली. ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. वडशाहून गावाला दिवसातून दोनदाच एसटी यायची आणि आमचे पाळकसाहेब चंद्रपूरहून वर्षातून एकदाच, धान घरात आल्यावर, यायचे. सकाळी वैनगंगेत बाप्तिस्मे आणि दुपारी प्रभुभोजन उरकून ते शेवटच्या गाडीनं परत जात.

बाप्तिस्म्याचा वर्ग माझ्याकडे होता. मी गावच्या शाळेत शिकवत होते, सव्वीस वर्षांची होते, आणि राग माझ्या नाकावर असायचा. शाळेतल्या पोरांना उभं करावं तसं मी मोठ्या माणसांनाही उभं करी. कोण तयार आणि कोण नाही, हे पाळकसाहेबांना मंडळीसमोर सांगायचं काम माझंच. माझ्या ‘हो’शिवाय कुणी नदीत उतरत नसे, आणि खोटं कशाला बोलू, या गोष्टीचा मला ताठा होता.

त्या वर्गात एक बाई आली. मी तिला मावशी म्हणे. धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, मजुरी करणारी, पन्नाशी ओलांडलेली, अक्षरओळख नसलेली. तिचा नवरा तापानं गेला, तेव्हा बांधाच्या जुन्या भांडणावरून तिच्या दिरानं भाऊबंदांना तिरडीला हात लावू दिला नव्हता. प्रेत दुपारपर्यंत घरात पडून राहिलं. शेवटी आमच्या मंडळीतल्या चौघांनी खांदा दिला. पुढच्या रविवारी ती प्रार्थनाघराच्या दाराशी येऊन बसली आणि मग एकही रविवार चुकली नाही.

तिची स्मरणशक्ती पाहून मी चकित झाले. मी एकदा वाचलं की तिला पाठ. अठरा प्रश्न तिनं घडाघडा सांगितले. एकोणिसावा प्रश्न होता, तू तुझ्या सर्व वैऱ्यांना क्षमा केली आहेस काय? उत्तर होतं, होय, मी केली आहे. सगळा वर्ग एका सुरात ते म्हणायचा. मावशी गप्प राहिली.

“विसरलात?” मी विचारलं.

“नाई बाई. ध्यानात आहे.”

“मग म्हणा.”

“कसं म्हणू? दिराले माफ नाई केलं म्या.”

मला वाटलं, तिला वर्गाची रीत कळली नसावी. मी समजावलं की हे उत्तर आहे, पुस्तिकेत छापलेलं, तेवढं म्हणायचं आणि पुढं जायचं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझा पारा चढला. “देवासमोर खोटं बोलाले लावता काय, बाई?” ती म्हणाली. चारचौघांत मला कुणी असं बोललं नव्हतं. त्या वर्षी पाळकसाहेबांनी विचारल्यावर मी उभी राहून सांगितलं, ही तयार नाही. दुसऱ्या वर्षीही तेच सांगितलं. नियमानं ते बरोबर होतं, आणि मनातून मला थोडं बरंही वाटलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते.

प्रभुभोजनाच्या आधी, बाप्तिस्मा न झालेल्यांनी उठून बाहेर जायचं, अशी आमच्याकडे रीत होती. मावशी न सांगता उठे. बाहेर चिंचेखाली बसून राही आणि सगळं संपलं की आत येऊन, मनुका उकळून केलेल्या रसाचे ते छोटे पेले गोळा करी. विहिरीवर नेऊन राखेनं घासून लखलखीत करून आणी. एकदा मी विचारलं, याचं वाईट वाटत नाही का? ती म्हणाली, “वाटते. मले त्या पंगतीत बसाचं आहे, बाई. मरायच्या आधी एकडाव.” तिला दुसरं काही नको होतं.

माझं स्वतःचं सांगायचं तर, माझ्या थोरल्या बहिणीनं घर सोडून लग्न केलं होतं, आणि त्या धक्क्यानं वडील खंगले असं मी धरून बसले होते. वडील गेल्यावर तिची पत्रं यायची. मी ती न फोडता चुलीत घालत असे; एकदा मावशीनं ते पाहिलं होतं. आणि दर वर्षी त्याच पंगतीत पहिल्या रांगेत बसून मी भाकरीचा तुकडा तोंडात टाकत होते. एकोणिसाव्या प्रश्नाचं उत्तर मी चौदाव्या वर्षी दिलं होतं, मोठ्या आवाजात.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता मावशीच्या दिराला लकवा झाला. मुलं चंद्रपूरकडे खाणीत कामाला, बायको आधीच वारलेली. शाळेतून येताना मी त्यांच्या पडवीत पाहिलं, मावशी त्याला पेज पाजत होती. तोंडाच्या एका कडेनं पेज गळत होती आणि ती पदरानं पुसत होती. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला म्हटलं, “केलंत की माफ!”

“पेज पाजली,” ती म्हणाली. “माफ नाई केलं. त्याच्या तोंडाकडे पाह्यलं का अजून पोटात आग पडते.”

मी तिच्याशी वाद घातला नाही. माझं मनाशी ठरलं होतं.

त्या वर्षी पाळकसाहेब आले, तेव्हा थंडी कडाक्याची होती. नदीवर जाण्याआधी प्रार्थनाघरात त्यांनी नावं घेतली, आणि मावशीच्या नावाशी येऊन माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. “ही तयार आहे,” मी म्हणाले. “एकतीसही प्रश्न येतात. हिनं वैऱ्याला क्षमा केली आहे.”

मागून आवाज आला. “नाई केली, साहेब.”

सगळ्यांच्या माना वळल्या. मावशी उभी होती, लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी धरून. “बाईले माही माया आली, म्हणून बोलल्या. खोटं आहे थे.”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ज्या खरेपणाचा मी ताठा मिरवला, तो एका वाक्यात उघडा पडला होता, आणि तोही तिच्या भल्यासाठी बोललेल्या खोट्यानं. तिचा मात्र चेहरा रडवेला होता. तिसऱ्या वर्षीही पंगत हातची जाणार, हे तिला कळत होतं, तरी ती बोलली होती.

पाळकसाहेब थकलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पुस्तिका मिटली. “माफ केलं नाही, मग बाप्तिस्मा कशाला पाहिजे तुम्हाला?”

“माह्यानं होत नाई म्हणूनच त पाहिजे,” मावशी म्हणाली. “एकटीनं झालं असतं त इथी कायले आली असती?”

पाळकसाहेबांनी मिटलेली पुस्तिका खिशात ठेवली. मग चपला घालून नदीकडे चालू लागले, आणि जाताना तिला म्हणाले, “चला.” थंडगार पाण्यात तिला बुडवून वर काढलं तेव्हा ती थडथड कापत होती. काठावरून आम्ही गीत म्हटलं.

दुपारी ती पहिल्यांदा पंगतीत बसली, कोरडं लुगडं नेसून, माझ्या शेजारी. भाकरीचं ताट आमच्या रांगेत आलं. माझ्या डोळ्यांसमोर चुलीतली ती पत्रं आली. माझा हात वर झाला नाही. मी ताट तिच्याकडे सरकवलं आणि उठून बाहेर जायला निघाले.

तिनं माझ्या पदराला धरलं. एक तुकडा उचलला, बोटांनी मोडून दोन केले आणि अर्धा माझ्या तळहातावर ठेवला. असं करायची परवानगी नव्हती. पाळकसाहेब समोरच उभे होते.

“खा, बाई,” ती हळूच म्हणाली. “नाई झालं त नाई झालं. भूक त लागते ना?”

मी खाली बसले, आणि खाल्लं.