सैल पँटची अट

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंपीमास्तरांच्या अंगावर घट्ट कपडा कुणी कधी पाहिला नव्हता. पोट वर्षागणिक पुढे सरकत होतं, पण पँट कमरेला बसायची ती अगदी मापात. त्यामुळे मास्तर सुटलेत ही बातमी साऱ्या गल्लीला कळली होती, एकट्या मास्तरांना सोडून.

त्यांना ती कळली ताईंच्या जिन्यात. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना वाढवलं आणि हिनेच सुईत दोरा ओवायला शिकवलं. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. लिफ्ट नव्हती आणि गुडघ्यांनी कधीचाच संप पुकारलेला, म्हणून खाली उतरणं बंद. दर रविवारी मास्तरच वर जायचे. एका रविवारी तिसऱ्या मजल्यावर त्यांना असा दम लागला की पायरीवर बसले ते बसलेच. ताई वरून कठडा धरून बघत राहिल्या. चार पायऱ्या उतरून भावाच्या पाठीवरून हात फिरवणंही त्यांना जमेना.

डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, पण त्याला ओझं फार वाहावं लागतंय. ताईंनी तर खिडकीतूनच फर्मान काढलं. "पँट कमरेला सैल झाली की मगच वर ये. तोवर खालूनच बोल. जिन्यात तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, सांग बरं."

मास्तरांनी बायकोला फक्त डॉक्टरांचं सांगितलं. जिन्यातली फजिती आणि ताईंची अट, दोन्ही गिळून टाकली. रविवारी खिडकीखाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघायचं, शेजारपाजाऱ्यांच्या देखत प्रकृतीची चौकशी करायची आणि घरी येऊन "ताई मजेत आहे" म्हणायचं, असा क्रम सुरू झाला.

व्यायामाला वेळ काढायचा कुठून? शाळा उघडायला आलेल्या आणि दुकानात गणवेशांचा डोंगर. तेव्हा मास्तरांनी कामातच व्यायाम घुसवला. मशीनची मोटर काढून पुन्हा पायाने चालवायला घेतलं. कात्री एका कोपऱ्यात, खडू दुसऱ्यात, इस्त्री पार मागच्या भिंतीशी ठेवली. काजं करायला कपडे दोन गल्ल्या पलीकडे जायचे, ते ते स्वतः पायी नेऊ लागले. सकाळी शटर उघडण्याआधी मैदानाला फेऱ्या. चहा बिनसाखरेचा. बिस्किटांचा डबा बायकोने कपाटावर ठेवला, आणि स्टूल लपवलं.

महिने गेले, पण पँट ढिम्म. वजनकाट्याशी मास्तरांचं कधी जमलं नव्हतं, आणि शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. फीत लावली की पोट आपोआप आत जातं आणि फीत खोटं बोलते. भरवसा काय तो पँटचा. रोज सकाळी ते बटण लावून कमरेत अंगठा घालून बघायचे. अंगठा अडकायचा आणि मास्तरांचा चेहरा पडायचा.

शेवटी एका रविवारी ते खिडकीखाली गेलेच नाहीत. बायको पँटला इस्त्री करत होती. मास्तर तिच्यासमोर बसले आणि जिन्यापासून अटीपर्यंत सगळं ओकून मोकळे झाले. "एवढा घाम गाळला, पण पँट काही हलत नाही. ताईला आता या जन्मी भेटणं होत नाही बघ."

बायकोने इस्त्री उभी केली. मग पँट उलटी करून कमरेची शिवण त्यांच्यापुढे धरली. आत कापडाची ही जाड घडी, त्यावर टाक्यांची एक ओळ, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी.

"हे कुणी केलं?"

"मी. दुसरं कोण करणार? तुम्ही सुटत होतात तेव्हा न बोलता उसवून देत होते, उगाच मनाला लागायला नको म्हणून. आता कमरेला चुण्या दिसल्या की टाका घालते. हाताला सवयच झालीय."

"अगं, मग सांगायचंस तरी."

"कौतुक केलं की तुम्ही लगेच बिस्किटांचा पुडा फोडता. आणि तुम्हाला ताईंचं सांगायला तोंड नव्हतं?" तिचा आवाज चढला, पण डोळे भरले होते. तिने ब्लेड घेतलं आणि सगळे टाके कराकरा उसवले. "घाला आणि जा."

मास्तर निघाले. एक हात कठड्यावर, दुसऱ्याने पँट धरलेली. मध्ये दोनदा थांबले, पण बसले नाहीत.

ताईंनी दार उघडलं. मास्तरांनी पँटवरचा हात जरा ढिला केला आणि पँट घसरायला लागली तशी घाईने पुन्हा पकडली. ताई हसल्या, मग रडल्या, मग डोळे पुसत सुईचा डबा घेऊन खुर्चीत बसल्या. सुईचं नेढं त्यांना दिसेना, म्हणून दोरा मास्तरांनी ओवून दिला. मग लहानपणी उभे राहायचे तसे ते दोन्ही हात वर करून त्यांच्यापुढे उभे राहिले.

"हलू नकोस," ताई म्हणाल्या. "कच्चेच टाके घालते. पुढच्या रविवारी परत आवळायचेत."